चालतंय ना, मग हात लावू नका

आमच्या धंद्यात 'लेगसी' हा शब्द तोंड वाकडं करून उच्चारतात. एखाद्याला नव्या प्रोजेक्टवर टाकलं, "कसला आहे?" असं त्यानं विचारलं आणि समोरचा "लेगसी आहे रे" म्हणाला, की पुढचं काही बोलावं लागत नाही. सगळे सहानुभूतीनं बघतात, कोणीतरी त्याच्या चहाचे पैसे देतं. शब्दाचा मूळ अर्थ वारसा. मराठीत वारसा म्हटलं की गडकिल्ले, आजीच्या पाटल्या, घराण्याची गायकी असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. सॉफ्टवेअरमधला वारसा म्हणजे गावाकडचं पडकं घर. राहायला कोणी तयार नाही, उताऱ्यावर सतरा नावं, आणि पाडावं म्हटलं तर आत अजून एक म्हातारी राहतेय.

मायकेल फेदर्स यांनी २००४ साली या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची व्याख्या अगदी साधी आहे: ज्या कोडला टेस्ट नाहीत ते लेगसी. वयाचा संबंध नाही. काल लिहिलेलं कोडसुद्धा लेगसी असू शकतं. ही व्याख्या मला पटते, पण गेल्या वर्षी केलेल्या एका कामानंतर मी तिला एक पुस्ती जोडली आहे. जे कसं चालतं हे कागदावर कुठेच नसून एखाद्या माणसाच्या डोक्यात असतं, ते लेगसी.

काम सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं होतं. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सहा वर्षं नोकरी करतेय. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला नवीन सॉफ्टवेअर कसं लिहायचं ते शिकवलं. दुसऱ्यानं लिहिलेलं, पंधरा वर्षं चालत आलेलं आणि ज्याच्यावर लोकांचे पैसे आहेत असं सॉफ्टवेअर कसं सांभाळायचं, हे एकाही सेमिस्टरला नव्हतं. प्रत्यक्षात नोकरीचा निम्मा वेळ त्यातच जातो.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे आधी सांगायला हवं. बँकेतल्या ठेवींना आज पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. ते पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. तिथं भाजीवाल्या बाईंनी रोज पिग्मी एजंटकडे दिलेले पन्नास रुपये, निवृत्त शिक्षकांची ठेव, मुलीच्या लग्नासाठी लावलेलं आवर्ती खातं, हे सगळं एका विश्वासावर उभं असतं: पासबुकात छापून आलेला आकडा बरोबर आहे.

तो आकडा काढणारा सर्व्हर तिजोरीच्या खोलीबाहेरच्या बोळात, एका लोखंडी कपाटात होता. कपाटावर कागद चिकटवलेला, 'हे बंद करू नये'. त्यावर सेंटओएस ६, पीएचपी ५.३ आणि मायएसक्यूएल ५.१. पीएचपी ५.३ चा अधिकृत आधार २०१४ मध्ये संपला, सेंटओएस ६ चा नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे या गोष्टींत उद्या एखादं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. हार्ड डिस्क कधीकधी टकटक आवाज करायची. मॅनेजरांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "चालतंय ना, मग हात लावू नका. नवीन वेगळं बनवा."

मागणी अगदी रास्त वाटते. पण नवीन बनवायचं तर जुनं नेमकं काय करतं हे कळायला हवं. आणि ते कळायला जुनं आपल्या लॅपटॉपवर चालवून, मोडून, पुन्हा उभं करून बघता यायला हवं. खऱ्या सर्व्हरवर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून पहिलं काम ठरलं: या जुन्या प्रोग्रॅमसाठी कंटेनर बनवायचा.

*

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्टवेअर एकटं चालत नाही. त्याला ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम लागते, भाषेची ठरावीक आवृत्ती लागते, डेटाबेस लागतो, पाच-पन्नास छोट्या लायब्रऱ्या लागतात. हा संसार दुसऱ्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा हलवणं ही कटकट असते. त्यावर एक उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. तो प्लॉटवर बांधलेला स्वतंत्र बंगला: पाया वेगळा, टाकी वेगळी, खर्चही तसाच. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. आत तुमची भांडी, तुमचा देव्हारा, तुमचं कॅलेंडर. पण पाया, जिना आणि पाण्याची टाकी सगळ्या चाळीची. ती सामाईक टाकी म्हणजे लिनक्सचा कर्नल.

ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. युनिक्समध्ये १९७९ साली 'सीएचरूट' आलं, म्हणजे प्रोग्रॅमला फक्त एकाच फोल्डरचं जग दाखवायची सोय. २००० साली फ्रीबीएसडीत 'जेल' आले. २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये 'सीग्रुप्स' आले, म्हणजे कोणत्या खोलीला किती पाणी हे ठरवायची सोय. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात 'डॉकर' दाखवलं आणि हे सगळं साध्या डेव्हलपरच्या हातात आलं.

डॉकरमध्ये एक डॉकरफाइल लिहायची. ती म्हणजे खोली कशी मांडायची याची कृती. सेंटओएस ६ घ्या, त्यात पीएचपी घाला, अमुक सेटिंग बदला, तमुक फोल्डर बनवा. ही कृती ज्याच्याकडे आहे त्याला कुठेही तशीच खोली मिळते. मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे. लागले पाच आठवडे.

पहिल्या दिवशी कंटेनर सुरू व्हायचा आणि त्याच सेकंदाला मरायचा. एरर नाही, लॉग नाही, फक्त एक आकडा: १३९. हा आकडा म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ म्हणजे प्रोग्रॅमनं मेमरीत नको तिथं पाय टाकला. सेंटओएस ६ काळातले प्रोग्रॅम "किती वाजले?" हे विचारायला मेमरीतल्या एका ठरलेल्या दारावर जायचे. त्या सोयीला व्हीसिसकॉल म्हणतात. दार कायम एकाच पत्त्यावर असल्यामुळे ते हल्लेखोरांच्याही सोयीचं होतं, म्हणून नव्या कर्नलांत बऱ्याच ठिकाणी ते बंद केलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर ते बंद होतं. खोली जुन्या पद्धतीनं मांडली, पण चाळीची टाकी नवी. जुन्या रहिवाशानं वेळ विचारली आणि तो जागीच कोसळला. कर्नल सुरू होताना एक सूचना दिली की ते दार नक्कल म्हणून उघडून मिळतं. एका ओळीचा उपाय. पण कंटेनर म्हणजे सगळं जग डब्यात बंद, हा माझा समज तिथंच गेला. डब्याचा तळ नेहमी दुसऱ्याचा असतो.

दुसरा प्रश्न सामानाचा. सेंटओएसची पॅकेजेस जिथून यायची ती ठिकाणं बंद झालेली. जुन्या आवृत्त्या 'व्हॉल्ट' नावाच्या एका संग्रहात ठेवलेल्या असतात, तिकडचा पत्ता द्यावा लागतो. मिळालेली पॅकेजेस मी लगेच आमच्याकडे उतरवून ठेवली. ज्या दुकानावर 'जुना माल' अशी पाटी आहे ते उद्याही उघडं असेल असं धरून चालता येत नाही.

*

मग पीएचपी चालू झालं, पान उघडलं, आणि पानावर हिशेबाऐवजी प्रोग्रॅमचं कोडच छापून आलं. कारण कोडची सुरुवात जुन्या आखूड खुणेनं होती आणि ती ओळखण्याचं सेटिंग माझ्याकडे बंद होतं. ते चालू केल्यावर लॉगिनचं पान आलं, पण पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचंच पान. हा प्रोग्रॅम 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाच्या सोयीवर लिहिलेला होता. तिच्यामुळे फॉर्ममध्ये किंवा ब्राउझरच्या पत्त्यात जे लिहाल ते थेट प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल बनतं. सोय धोकादायक म्हणून पीएचपी ५.४ मध्ये ती काढूनच टाकली. म्हणजे आमचा प्रोग्रॅम ५.३ वर अडकला होता त्याचं हे एक कारण.

यातलं एकही सेटिंग कोडच्या फोल्डरमध्ये नव्हतं. सगळी त्या लोखंडी कपाटातल्या सर्व्हरवर होती, कधीतरी हातानं केलेली. मग मी यादी करायला घेतली: कोडमध्ये नाही पण ज्याच्याशिवाय कोड चालत नाही, अशा गोष्टींची.

डेटाबेसचा पत्ता १९२.१६८.१.५ असा एकोणतीस फाइलींत थेट लिहिलेला. त्यावर उपाय म्हणजे डॉकरच्या आतल्या नेटवर्कमध्ये डेटाबेसच्या कंटेनरला तोच पत्ता देऊन टाकणं. कोडला हात न लावता त्याचं जुनं जग खरं करून दाखवायचं. रोज पहाटे दोन वाजता सर्व्हरवरच्या क्रॉनमधून एक स्क्रिप्ट चालायची, व्याजाच्या तरतुदीची. ती कोणाच्या गावीही नव्हती. कंटेनरचं घड्याळ मुळात यूटीसीवर चालतं, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे दोनला चालणारी स्क्रिप्ट त्या घड्याळाप्रमाणे आदल्या दिवसाची तारीख लावणार. ३१ मार्चच्या आसपास यानं काय गोंधळ होईल हे कोणाही बँकवाल्याला विचारा.

आणि फॉन्ट. खातेदारांची मराठी नावं युनिकोडमध्ये नव्हती. युनिकोड सर्रास होण्याआधी आपण मराठी ज्या पद्धतीनं साठवायचो त्यात अक्षरं इंग्रजीच असायची, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटा चढवायचा. कृतीदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट गेला की भाषा गेली. माझ्या कंटेनरमध्ये फॉन्ट नव्हता, त्यामुळे पावत्यांवर सगळ्या तालुक्याची नावं त्या अक्षरांच्या चिवड्यात छापून येत होती. फॉन्टची फाइल सर्व्हरवरून आणली आणि गाव पुन्हा मराठीत बोलायला लागलं. आता त्या नावांतली काही खऱ्या खातेदारांची असल्यामुळे लॅपटॉपवर घेतलेल्या प्रतीत मी नावं आणि मोबाइल नंबर बदलून टाकले होते. कंटेनरचं दारही फक्त माझ्याच मशीनपुरतं उघडं ठेवलं. डॉकर डीफॉल्टनं ते सगळ्या नेटवर्कला उघडून देतं, आणि २००९ सालच्या पीएचपीला ऑफिसच्या वायफायवर उघडं ठेवणं म्हणजे एसटी स्टँडवर पेटी उघडी टाकून चहाला जाणं.

*

प्रत्येक अडचणीत एक फोन नंबर कामाला यायचा. ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला ते गृहस्थ त्याच गावात राहतात. संस्थेत सगळे त्यांना सर म्हणतात. नाव इथे लिहीत नाही, मीही सरच म्हणते. कॉमर्सचे पदवीधर, पूर्वी स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचे, पीएचपी पुस्तकातून शिकले. २००९ मध्ये त्यांनी हे एकट्यानं लिहिलं आणि तेव्हापासून वार्षिक करारावर तेच सांभाळतात. वय साठीला टेकलेलं.

पहिले दोन आठवडे ते मला मॅडम म्हणायचे आणि विचारलं तेवढंच सांगायचे. मी कोडमध्ये शिरून काहीतरी खोदून काढलं की थोडे खुलायचे.

"सर, पासबुकाच्या प्रिंटमध्ये अठराव्या ओळीनंतर तीन ओळी रिकाम्या का सोडल्यात?"

"अगं, तिथं पासबुकाची घडी येते. घडीवर छापलं की आकडा अर्धा उमटतो. एका बाईंच्या आठचा तीन दिसत होता. दोन तास बसून होत्या काउंटरला, रडत."

त्या दिवशी मी मॅडमची अगं झाले.

कोडमध्ये त्या तीन ओळींच्या वर काहीही लिहिलेलं नव्हतं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं, किंवा मीच जरा घाईत असते, तर नव्या प्रोग्रॅममध्ये त्या निरर्थक म्हणून गेल्या असत्या. कंटेनरनं त्या ओळी जपल्या होत्या, त्यांचं कारण जपलं नव्हतं. मग मी एक सवय लावून घेतली. डॉकरफाइलमधल्या आणि सेटिंगच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीच्या वर 'का' लिहायचं. मराठीत. कारण कारणं मराठीतच मिळत होती.

चौथ्या आठवड्यात मी गावी गेले. सरांच्या घरी, अंगणातल्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवून त्यांना दाखवलं. एक कमांड दिली, दीड मिनिटात त्यांचा सगळा प्रोग्रॅम उभा राहिला. कपाटातला सर्व्हर नाही, चिकटवलेला कागद नाही. त्यांनी लॉगिन केलं, दोन-तीन खाती उघडली, पावती काढली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छान केलंस. म्हणजे आता मी नसलो तरी चालतंय."

त्यात टोमणा नव्हता. पण करार दर एप्रिलला व्हायचा आणि तेव्हा फेब्रुवारी चालू होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

*

इंग्रजीत डॉकर म्हणजे गोदी कामगार. ज्या कंपनीनं हे तंत्रज्ञान आणलं तिनं नाव आणि उपमा दोन्ही बंदरावरून घेतली. मालवाहू कंटेनरची गोष्ट बहुतेक वेळा २६ एप्रिल १९५६ पासून सांगतात. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज त्या दिवशी ५८ पेट्या घेऊन नूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी पोतं, पिंप, खोका, गासडी असा सुटा माल माणसं हातांनी चढवायची. कुठलं पोतं खाली, कुठलं पिंप वर, ओलसर माल कशाशेजारी ठेवायचा नाही, वाटेत कुठल्या बंदरात काय आधी उतरणार, हे सगळं चढवणाऱ्यांच्या अंगात मुरलेलं असायचं. कंटेनर आला आणि त्या ज्ञानाची गरज संपली. क्रेनला पेटीच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. जगभरच्या बंदरांत गोदी कामगारांची संख्या घटत गेली. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा व्यापार हळूहळू मुंबईच्या जुन्या गोद्यांकडून खाडीपलीकडे गेला.

आमच्या क्षेत्रातल्या डॉकरबद्दल बोलताना ही उपमा नेहमी कौतुकानं दिली जाते: एक मापाची पेटी, कुठेही ठेवा, कशीही हलवा. पेटीमुळे कोणाची गरज संपली हा भाग सहसा येत नाही. सरांच्या अंगणात तो माझ्यासमोर बसला होता. मी त्यांना खोटं सांगू शकत होते, की नाही सर, तुम्ही लागणारच. मी म्हटलं, "सर, हे चालवायला तुम्ही लागणार नाही. पण हे बरोबर काय करतंय हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही."

ते हसले. "त्याचे पैसे देतात का कोणी?"

उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. ते पुढच्या महिन्यात, थोडंफार, मिळालं.

*

कंटेनर झाल्यावर नवा प्रोग्रॅम पीएचपी ८ वर लिहायला घेतला. आता दोन खोल्या शेजारीशेजारी होत्या, एकीत २००९ आणि दुसरीत आज. दोघींना डेटाची तीच प्रत द्यायची, ३१ मार्चची तारीख लावायची, सगळ्या ठेवींचं व्याज काढायला लावायचं आणि आकडे एकेक करून जुळवायचे. ही जुळवणी आम्ही संस्थेतल्याच एका मशीनवर केली, कारण त्यासाठी खरा डेटा लागतो आणि तो बाहेर न्यायचा नव्हता.

सगळं जुळलं. सव्वीस ठेवी सोडून. त्या सव्वीसमध्ये नवा प्रोग्रॅम वर्षाला बरोबर अर्धा टक्का जास्त देत होता. लाखाच्या ठेवीला पाचशे रुपये.

अर्धा टक्का हा ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा दर. कोडमध्ये अट होती: ज्येष्ठ हा रकाना शून्य असेल तर साधा दर, नाहीतर जादा. या सव्वीस खात्यांत तो रकाना रिकामा होता, शून्यही नाही आणि एकही नाही. आणि पीएचपी ८ मध्ये, २०२० साली, एक मोठा बदल झालाय. त्याआधी शून्य आणि रिकामी जागा यांची तुलना केली की पीएचपी 'दोन्ही सारखं' म्हणायचं. आता 'वेगळं' म्हणतं. म्हणून जुन्या खोलीत ही माणसं तरुण होती आणि नव्या खोलीत ज्येष्ठ.

टीममधल्या एकानं लगेच सुचवलं, जुन्यासारखं करून टाकू, एका ओळीचं काम आहे. मी सरांना फोन लावला.

"रिकामी ना? ती सगळी २०११ च्या आधीची खाती असणार," ते म्हणाले. "ज्येष्ठांना जादा दराचा ठराव नंतर झाला, तेव्हा मी तो रकाना वाढवला. जुन्या अर्जात जन्मतारीखच नव्हती. म्हणून रिकामं सोडलं. रिकामं म्हणजे माहीत नाही."

"पण प्रोग्रॅमनं 'माहीत नाही'ला 'नाही' धरलं, सर."

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "पीएचपीनं धरलं. मला कधी दिसलंच नाही, कारण सगळं चालत होतं." आणि थोड्या वेळानं, "अगं, ती माणसं तेव्हाच पन्नाशीची होती. आता काय वय असेल त्यांचं?"

इथं मला या सगळ्या खटाटोपाचं मोल कळलं. आम्ही जुना कंटेनर न बनवता थेट नवं लिहिलं असतं तर दोनपैकी एक झालं असतं. एक तर या सव्वीस जणांना कोणी न ठरवताच जादा व्याज सुरू झालं असतं आणि पुढच्या ऑडिटला कोणीतरी ते वसूल करायला निघालं असतं. नाहीतर कोणीतरी जुन्यासारखं करून टाकलं असतं आणि 'माहीत नाही'चं 'नाही' आणखी पंधरा वर्षं चाललं असतं. दोन्हीत निर्णय एका तुलनेच्या चिन्हानं घेतला असता, माणसानं नाही.

मी नव्या कोडमध्ये तिसरी शक्यता स्पष्ट लिहिली: ज्येष्ठ, ज्येष्ठ नाही, माहीत नाही. 'माहीत नाही'ला तूर्त जुनाच दर, आणि दर महिन्याला अशा खात्यांची यादी मॅनेजरांच्या टेबलावर. सव्वीस जणांची यादी आणि कारण लेखी दिलं. मॅनेजर आधी वैतागले. "एवढी वर्षं कोणाची तक्रार नाही." सर माझ्या शेजारी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तक्रार कशी करतील साहेब? त्यांना तरी कुठं माहितेय?"

संचालक मंडळानं त्या खातेदारांकडून वयाचा दाखला मागवायचं ठरवलं. मागच्या वर्षांच्या फरकाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तो ठरवणं माझ्या हातात नव्हतं. यादी हातात होती, ती दिली.

*

आता नवा माणूस टीममध्ये आला की त्याला मी ती एक कमांड देते. दीड मिनिटात जुना प्रोग्रॅम त्याच्या लॅपटॉपवर उभा राहतो. त्याला सांगलीला जावं लागत नाही, कपाट उघडावं लागत नाही. पण मी त्याला प्रोग्रॅमच्या आधी डॉकरफाइल वाचायला लावते. तिच्यात कृतीच्या ओळी कमी आणि 'का'च्या ओळी जास्त आहेत. अनुभवी लोक म्हणतील एवढ्या टिपा लिहू नयेत, कोडच बोलकं असावं. नव्या कोडबद्दल ते खरंही असेल. जुन्या घरात मात्र भिंतीत वायर कुठून गेलीय हे भिंत सांगत नाही.

संस्थेनं एप्रिलमध्ये सरांचा करार पुढे चालू ठेवला नाही. आमच्या कंपनीनं त्यांना सहा महिने सल्लागार म्हणून घेतलं. त्यासाठी मी साहेबांसमोर सव्वीस ठेवींची ती यादीच ठेवली होती, वेगळं काही बोलावं लागलं नाही. सहा महिने म्हणजे सहाच महिने, आणि पैसेही बेताचे. यानं गोदीचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही.

त्या सहा महिन्यांत सर गिट शिकले. त्यांचा पहिला कमिट पासबुकाच्या छपाईच्या फाइलमध्ये आहे. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. माझ्या टिपेखाली त्यांनी एक ओळ वाढवलीय: 'पासबुक छापणारा प्रेस बदलला तर घडी कुठे येते ते आधी मोजून पाहावे.' आणि कमिटच्या संदेशात, जिथे आम्ही घाईत काहीही खरडतो, तिथे त्यांनी लिहिलंय: 'कारण लिहायचे राहिले होते.'